जुन्या मासिकांचे डिजिटल संग्रह : सोलापुरातून वापरताना आलेला अनुभव आणि अभिप्राय

सोलापूरच्या कापड गिरण्या आणि त्यांत राबणाऱ्या स्त्रिया यांच्याविषयी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मराठी मासिकांनी काय लिहिले, याचा शोध मी काही काळापासून घेत आहे. त्यासाठी जुन्या नियतकालिकांचे डिजिटल संग्रह मला जवळजवळ रोज उघडावे लागतात. त्यांतील प्रामुख्याने ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या संग्रहाविषयी आणि ओघाने इतर काही संग्रहांविषयी हा अभिप्राय लिहीत आहे. प्रबंधासाठी विषय शोधणारे विद्यार्थी आणि आपल्या गावाच्या इतिहासाविषयी आस्था असणारे शिक्षक यांना तो उपयोगी पडावा, अशी इच्छा आहे. माझे मत आरंभीच सांगते. हे संग्रह विनामूल्य आणि अमूल्य आहेत, पण त्यांचे खरे मोल शोधपेटीत, म्हणजे शब्द टाकून शोधण्याच्या चौकटीत नसून, घरबसल्या एखाद्या मासिकाचा पूर्ण खंड पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळता येण्यात आहे. जो केवळ शोधपेटीवर विसंबून राहील, त्याचे संशोधन अपुरे तर राहीलच, शिवाय त्यातून निघालेले निष्कर्ष पुष्कळदा चुकीचेही असतील.

सोलापूरसारख्या शहरात राहणाऱ्या अभ्यासकाला या सोयीचे महत्त्व विशेष आहे. मराठी नियतकालिकांचे मोठे साठे पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयांत आहेत. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जायचे, मध्ये मिळतील तेवढ्या तासांत चिठ्ठ्या भरून खंड मागवायचे, जीर्ण पानांची झेरॉक्स काढता येत नाही म्हणून हाताने उतरवून घ्यायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचे, ही आमच्याकडच्या अभ्यासकांची वर्षानुवर्षांची रीत होती. नोकरी सांभाळून संशोधन करणाऱ्याला, आणि त्यातही घरची जबाबदारी असणाऱ्या स्त्रीला, हे कितपत जमणार? हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी संस्था आपल्या शहरात आहे हे भाग्यच, परंतु कोणत्याही एका ग्रंथालयात एखाद्या मासिकाची सर्व वर्षे सलग मिळणे दुर्मीळ असते. एकाच मासिकाचे काही खंड इथे, काही तिथे अशी विखुरलेली स्थिती असल्यामुळे, निरनिराळ्या ग्रंथालयांतील खंड एका पडद्यावर शेजारी शेजारी पाहता येणे ही सोय लहान नाही.

इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे सुरू झाली. तेथील स्वामित्वहक्कमुक्त मजकूर वाचण्यासाठी पैसे द्यावे लागत नाहीत आणि खातेही उघडावे लागत नाही. मराठीच्या दृष्टीने तिचे महत्त्व वाढले ते ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या प्रकल्पामुळे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने देशभरातील ग्रंथालयांतील पुस्तके या प्रकल्पात स्कॅन झाली. त्याचे मूळ संकेतस्थळ पुढे बंद पडले, तरी त्यातील फार मोठा भाग आर्काइव्हवर उतरवून ठेवलेला असल्यामुळे तो आज वाचता येतो. ‘विविधज्ञानविस्तार’ हे १८६७ ते १९३७ अशी सत्तर वर्षे चाललेले मासिक, किंवा १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढणारे काशिनाथ रघुनाथ मित्र यांचे ‘मनोरंजन’, यांचे अनेक खंड तेथे आहेत. सलग मालिका मात्र मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये, कारण ज्या ग्रंथालयात जे खंड होते तेच स्कॅन झाले.

पहिली अडचण येते ती खंड सापडण्याची. या प्रकल्पातून आलेल्या पुस्तकांची शीर्षके बहुतेक रोमन लिपीत नोंदवलेली आहेत, आणि दीर्घ स्वर दाखवण्यासाठी तेच अक्षर दोनदा लिहिण्याची पद्धत त्यांत पुष्कळ ठिकाणी आहे. त्यामुळे देवनागरीत नाव टाकून काही मिळाले नाही, तर ते मासिक संग्रहात नाहीच असे समजू नये. रोमन लिपीत ऱ्हस्व आणि दीर्घ अशी दोन्ही रूपे देऊन पाहावे, नाव जोडून व तोडून पाहावे, संपादकाच्या आडनावाने शोधावे, आणि एक खंड मिळाला की त्याच्या नोंदीत नाव कसे लिहिले आहे ते पाहून त्याच रूपाने पुढचे खंड शोधावेत. नोंदीतील वर्षाच्या रकान्यावरही विश्वास टाकू नये. तेथे दिलेले साल आणि खंडाच्या आतले साल पुष्कळदा जुळत नाही, म्हणून मुखपृष्ठ किंवा पहिले पान उघडून खात्री केल्याशिवाय कोणताही खंड सोडू नये आणि कोणताही खंड आधार म्हणून वापरू नये.

आतले साल वाचतानाही सावध राहावे लागते, कारण पुष्कळ जुन्या मासिकांवर शालिवाहन शक आणि मराठी महिना एवढाच उल्लेख असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो हे सर्वांना ठाऊक असते, पण साधारणपणे पौषात इंग्रजी वर्ष बदलते आणि तेथून फाल्गुनाच्या अखेरीपर्यंत ७९ मिळवावे लागतात, हे घाईत विसरले जाते. आपल्या शहराचेच उदाहरण घेऊ. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकृष्ण सारडा आणि कुर्बान हुसेन या चार हुतात्म्यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली ती १२ जानेवारी १९३१ रोजी, म्हणजे शके १८५२ च्या पौषात. ही बातमी देणाऱ्या ‘पौष शके १८५२’च्या अंकाला यांत्रिकपणे ७८ मिळवून कोणी १९३० साल दिले, तर तो अंक एका वर्षाने मागे जाईल आणि त्यातील प्रत्येक संदर्भ भलत्याच काळात वाचला जाईल.

आता शोधपेटीविषयी. आर्काइव्हवर प्रत्येक पुस्तकाच्या आत शब्द शोधण्याची सोय आहे. ती चालते ते यंत्राने पानाच्या चित्रावरून ओळखलेल्या मजकुरावर. पूर्वी तेथील यंत्रणेला देवनागरी वाचता येत नव्हती. २०२० च्या सुमारास ‘टेसेरॅक्ट’ ही मुक्त प्रणाली वापरात आल्यापासून भारतीय लिपींतील मजकूर ओळखला जाऊ लागला. ही प्रगती निःसंशय मोठी आहे. परंतु शंभर वर्षांपूर्वीच्या खिळ्यांनी छापलेले, शाई पसरलेले, पलीकडच्या पानावरचा मजकूर उमटलेले पान यंत्रापुढे ठेवले, की काय होते ते प्रत्यक्ष पाहण्यासारखे आहे. ‘गिरणी’ या शब्दातील ‘ण’चा एक दांडा फिकट झाला, तर यंत्र त्याचा ‘गिरगी’ किंवा ‘गिरणो’ असा काही शब्द करते. ‘सोलापूर’ ओळीच्या शेवटी आले, तर ‘सोला’ वरच्या ओळीत आणि ‘पूर’ खालच्या ओळीत असे त्याचे दोन तुकडे होतात आणि शोधाला त्यांतला एकही सापडत नाही. दोन रकान्यांत छापलेल्या पानावर डाव्या रकान्याची ओळ उजव्या रकान्यात घुसते. शिलाछापाची, म्हणजे दगडावरून छापलेली पाने तर यंत्राला जवळजवळ वाचताच येत नाहीत.

यात भर पडते ती जुन्या लेखनपद्धतीची. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या मजकुरात ‘नांव’, ‘कांहीं’, ‘गिरण्यांत’, ‘स्त्रियांनीं’, ‘करणें’ अशी अनुस्वारयुक्त रूपे सर्रास आढळतात, आणि शहराचे नाव ‘सोलापुर’, ‘सोलापूर’, ‘शोलापूर’ अशा निरनिराळ्या प्रकारे लिहिलेले असते. आजच्या पद्धतीने टंकलेला शब्द या रूपांपर्यंत पोहोचत नाही. यावर मला सर्वांत उपयोगी पडलेला मार्ग सांगते. पुस्तकाच्या पानावर उतरवून घेण्याचे जे पर्याय असतात, त्यांत केवळ मजकुराची फाइलही असते. ती आपल्या संगणकावर घ्यावी, साध्या मजकूर-संपादकात उघडावी आणि पूर्ण शब्दाऐवजी शब्दाचा मधला तुकडा शोधावा. ‘लाप’ एवढेच शोधले की ‘सोलापूर’, ‘सोलापुर’, ‘शोलापूर’, ‘सोलापूरच्या’, ‘सोलापूरांत’ ही सारी रूपे एकदम समोर येतात, आणि अर्थात ‘कोलापूर’ असे चुकून वाचलेले कोल्हापूरही येते. ते बाजूला सारावे लागते, पण निसटण्यापेक्षा जास्त मिळालेले बरे. यातून पानाचा अंदाज आला की मूळ चित्र उघडून मजकूर डोळ्यांनी वाचावा. यंत्राने वाचलेला मजकूर तसाच उचलून प्रबंधात अवतरण म्हणून घालण्याचे धाडस कोणीही करू नये.

एवढे करूनही जे हाती येते ते अर्धेच असते, आणि म्हणूनच खंड सलग चाळण्याचा आग्रह मी धरते. माझा विषय गिरणीतील स्त्रियांचा असल्यामुळे आरंभी मला ‘मजूर’, ‘कामकरी’, ‘गिरणी’ असे शब्द शोधावेसे वाटले. पण कामकरी स्त्रीविषयीचा मजकूर त्या शब्दांखाली येतोच असे नाही. तो आरोग्यावरच्या लेखात बाळंतपणाच्या संदर्भात येतो, कथेतल्या एका दुय्यम पात्राच्या रूपाने येतो, वाचकांच्या पत्रव्यवहारात येतो, ‘स्फुट सूचना’ किंवा ‘मासिक मनन’ अशा मथळ्याच्या किरकोळ टिपणांत येतो, आणि कित्येकदा जाहिरातीत येतो. कोणत्या मासिकात स्वदेशी कापडाची जाहिरात कोणत्या स्त्रीचे चित्र घालून केली आहे, ती स्त्री नेसली काय आहे आणि वाचकाला उद्देशून भाषा कोणती वापरली आहे, हे पाहिले की त्या मासिकाने आपला वाचक कोण मानला होता ते उमगते. चित्रातली साडी यंत्राला वाचता येत नाही. ‘साभार पोच’ या सदरात आलेल्या पुस्तकांची नावे, वर्गणीचे दर, व्ही. पी. (पैसे भरून सोडवून घ्यायचे टपाल) परत करणाऱ्या वर्गणीदारांना केलेल्या विनंत्या, अंक उशिरा निघाल्याबद्दलची दिलगिरी, या सर्वांतून मासिकाचे अर्थकारण कळते. अंकावर छापलेला महिना आणि अंक खरोखर वाचकाच्या हाती पडला तो महिना यांतील अंतरही त्यातूनच समजते.

नेमक्या याच बाबतीत डिजिटल संग्रहांची सर्वांत मोठी उणीव दिसते. ग्रंथालये वर्षभराचे अंक एकत्र बांधताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने अनेकदा काढून टाकीत, कारण मजकूर महत्त्वाचा आणि बाकीचे केवळ वेष्टन असा समज होता. १८६७ च्या कायद्यानुसार मुद्रक-प्रकाशकाचे नाव व ठिकाण छापणे बंधनकारक होते, आणि मासिकांत ते बहुधा याच पानांवर असे. पाने गेली की अंकाचा छापखाना, किंमत आणि प्रकाशनाचा महिना हेही गेले. त्यापुढचे नुकसान स्कॅन करताना झाले. पूर्वीच्या पुष्कळ स्कॅनमध्ये करड्या छटा नाहीत, केवळ काळा आणि पांढरा असे दोनच रंग आहेत. त्यामुळे छायाचित्रांच्या जागी काळे डाग उरले आहेत. जाड बांधणीच्या खंडात पान नीट उघडले गेले नाही म्हणून शिवणीकडची अक्षरे अर्धी कापली गेली आहेत. एका संस्थेच्या संकेतस्थळावर तर मला असा खंड मिळाला की त्यात आषाढाच्या अंकाची मधली पाने भाद्रपदाच्या अंकात गेलेली होती आणि दोन पानांवर पान धरणाऱ्याचा अंगठा मजकुरावर आलेला होता. अशा वेळी लेखाचा शेवट मिळवण्यासाठी त्याच खंडाची दुसरी प्रत दुसऱ्या संग्रहात शोधण्याखेरीज उपाय नसतो. सुदैवाने एकाच खंडाच्या दोन वेगवेगळ्या ग्रंथालयांतील प्रती आर्काइव्हवर असल्याचे अधूनमधून आढळते, म्हणून पहिलीच प्रत पाहून थांबू नये.

शोधपेटीच्या निष्कर्षाने किती मोठी दिशाभूल होऊ शकते, याचे उदाहरण सोलापूरच्या इतिहासातच आहे. गांधीजींना ५ मे १९३० रोजी अटक झाली, त्यानंतर सोलापुरात उठाव झाला, गोळीबार झाला आणि १२ मे रोजी शहरात मार्शल लॉ पुकारला गेला. एवढी मोठी घटना, तेव्हा मे-जूनच्या मासिकांत ती भरभरून आली असेल, अशा अपेक्षेने एखादा विद्यार्थी त्या महिन्यांच्या अंकांत ‘सोलापूर’ शोधील. त्याला फारसे काही मिळाले नाही, तर मराठी मध्यमवर्गाच्या मासिकांना सोलापूरच्या कामगारांची फिकीर नव्हती, असा निष्कर्ष काढण्याचा मोह त्याला होईल. हा निष्कर्ष टिकणारा नाही. २७ एप्रिल १९३० रोजी व्हाइसरॉय आयर्विन यांनी मुद्रणालयांवर निर्बंध घालणारा वटहुकूम काढला होता. त्याखाली सरकार जामीनरकमा मागू शकत होते आणि आक्षेपार्ह मजकूर आढळल्यास त्या जप्तही करू शकत होते. छोट्या छापखान्यावर चालणाऱ्या मासिकाला एक अविचारी परिच्छेदही बंद पाडू शकला असता. शिवाय मासिकाचा मजकूर अंकाच्या तारखेपूर्वी बराच आधी जुळवला जात असल्यामुळे मेमधली घटना पुढच्या महिन्यांच्या अंकांत शोधावी लागते. आणि जे लिहिले गेले ते शहराचे नाव न घेता, ‘अलीकडील दुर्दैवी प्रकार’ अशा आडवळणाने लिहिले जाणेही त्या काळात अगदी शक्य होते. असे वाक्य शोधपेटीला कधीच सापडणार नाही. त्या वर्षाचे अंक क्रमाने वाचणाऱ्याला मात्र एप्रिलपूर्वीचा संपादकीय स्वर आणि नंतरचा स्वर यांतील फरक जाणवतो, आणि हा फरकच मला पुरावा म्हणून अधिक बोलका वाटतो.

सोलापूरच्या स्वतःच्या नियतकालिकांची स्थिती याहून दुःखद आहे. शेठ हिराचंद नेमचंद यांनी एकोणिसाव्या शतकात येथूनच ‘जैन बोधक’ सुरू केले. ‘कल्पतरू आणि आनंदवृत्त’ हे येथलेच. हुतात्मा कुर्बान हुसेन यांचे ‘गझनफर’ येथून निघाले, आणि मार्शल लॉच्या काळात ‘कर्मयोगी’ने सरकारी रोष ओढवून घेतला तोही याच शहरात. पुण्या-मुंबईच्या मासिकांचे खंड ज्या सुलभतेने पडद्यावर उघडतात, त्या सुलभतेने ही पत्रे उघडत नाहीत. त्यामुळे डिजिटल संग्रहांवर आधारलेल्या संशोधनात सोलापूर दिसते ते बाहेरून पाहिलेले सोलापूर, आणि तेलुगू, कन्नड, उर्दू व मराठी बोलणाऱ्या या शहराचा स्वतःचा आवाज त्यात क्षीण होतो. माझ्या प्रत्येक टिपणाशेजारी ही मर्यादा मी लिहून ठेवते.

इतर संग्रहांविषयी थोडक्यात. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयाचा डिजिटल संग्रह मासिकांसाठी नव्हे, पण मासिकांतील विधाने पडताळण्यासाठी फार उपयोगी आहे. वेतन, घरभाडे, गिरण्यांचे उत्पादन यांविषयीचे जुने अहवाल तेथे मिळतात, आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी सोलापूर शहराच्या आर्थिक-सामाजिक पाहणीवर केलेले काम तर आपल्या विषयाचा पायाच आहे. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय हे शोधाचे चांगले प्रवेशद्वार आहे, मात्र तेथून पुढे मूळ संग्रहाकडे जावे लागते. गूगल बुक्सवर पुष्कळदा दोन-तीन ओळींचा तुकडाच दिसतो. त्याचा उपयोग खंड व पान निश्चित करण्यापुरता करावा. ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे जुने अंक सशुल्क संग्रहात आहेत, म्हणून आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयातून ते पाहता येतात का, याची चौकशी आधी करावी. आणि कोणताही संग्रह उघडण्यापूर्वी दाते, काळे व बर्वे यांची मराठी नियतकालिकांची सूची जवळ ठेवावी. कोणते मासिक केव्हा व कोठून निघाले हे आधी ठाऊक असेल, तरच आपल्याला काय मिळालेले नाही हे कळते.

स्वामित्वहक्काचा विचारही करावा लागतो. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क टिकतो, त्यामुळे मासिक जुने असले तरी त्यातील प्रत्येक लेख मुक्त झालेला असतोच असे नाही. अभ्यासासाठी वाचणे आणि योग्य श्रेय देऊन अवतरण घेणे वेगळे, संपूर्ण कथा आपल्या संकलनात छापणे वेगळे. संदर्भ देताना केवळ संकेतस्थळाचा पत्ता पुरेसा नाही. मासिकाचे नाव, वर्ष, अंक, छापील पृष्ठक्रमांक, मूळ प्रत कोणत्या ग्रंथालयाची आहे ते शिक्क्यावरून, आणि शेवटी संग्रहातील ओळखक्रमांक, असे सर्व द्यावे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यामुळे आर्काइव्ह काही दिवस बंद राहिले, तेव्हा ज्यांनी फाइली उतरवून ठेवल्या नव्हत्या त्यांचे काम थांबले. महत्त्वाचा खंड आपल्याजवळ उतरवून ठेवावा आणि फाइलच्या नावातच मासिक, शके व महिना घालावा.

एकूण विचार करता, मजकूर उपलब्ध करून देण्याच्या बाबतीत इंटरनेट आर्काइव्हला मी उत्तम म्हणेन, नोंदींच्या अचूकतेच्या बाबतीत मध्यम, आणि मराठीतील शोधाच्या बाबतीत अजून बरीच वाट चालायची आहे असे म्हणेन. प्राध्यापकांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांना पहिल्या सत्रातच एक पूर्ण खंड, जाहिरातींसह, वाचायला लावावा आणि त्याची विषयसूची करून घ्यावी, अशी माझी सूचना आहे. आणि साखर पेठेत, नवी पेठेत किंवा पूर्वभागात ज्यांच्या घरी वडील-आजोबांनी जपलेले सोलापुरी साप्ताहिकांचे वा मासिकांचे गठ्ठे असतील, त्यांनी ते रद्दीत देण्यापूर्वी एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला किंवा वाचनालयाला दाखवावेत. स्कॅन करण्याची वेळ आली, तर रंगीत आणि किमान ३०० डीपीआयवर (दर इंचाला ३०० ठिपके) करावे, मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि जाहिराती वगळू नयेत, सुटे अंक बांधणीपूर्वीच स्कॅन करावेत, आणि शीर्षक देवनागरी व रोमन अशा दोन्ही लिपींत, शके आणि इसवी सन दोन्ही देऊन नोंदवावे.